सुरुवात नांदूर शिंगोट्यापासून कर

अरे, १८५७ म्हटलं की तू थेट मेरठला पोचतोस. आधी सिन्नरची एसटी पकड. पुणे रस्त्यावरच्या नांदूर शिंगोट्याला ऑक्टोबर १८५७ मध्ये भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. भागोजी आधी पोलिसातच होते, मग तुरुंग भोगून आलेले. ही गोष्ट सोडू नकोस, सगळी मेख तिथेच आहे. १८५९ पर्यंत ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

मग मागे जा: इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे, १८४८, ठाण्यात फाशी. जुनं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वाच, पण ‘दरोडेखोर’ शब्द दिसला की थांब. लिहिणारा सरकारी नोकर होता! गावातल्या म्हाताऱ्यांचंही ऐक, तारखा मात्र कागदावरच ताडून बघ.