यलदाला डाळिंब, संक्रांत मात्र जानेवारीत

प्रिय सई,

तुझा प्रश्न असा: इराणी मैत्रिणीकडे 21 डिसेंबरच्या सुमारास यलदा, सूर्य परत फिरतो म्हणून. मग संक्रांतही त्याचसाठी असताना ती 14 जानेवारीला का? आणि जाताना तिळगूळ न्यावा का?

इराणी पंचांगात आजर महिना संपून दे महिना लागतो, त्यामधली ही रात्र. तेहरानला ती सुमारे सव्वाचौदा तासांची. 'यलदा' हा सुरयानी शब्द, अर्थ जन्म. सूर्य नव्यानं जन्मतो ही कल्पना. याच रात्रीला 'शब-ए-चेल्ले' असंही म्हणतात, कारण इथून थंडीचे चाळीस दिवस सुरू होतात. काश्मीरचा चिल्लई कलान तो हाच. अंधार सर्वांत लांबतो त्या रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जमायचं आणि जागायचं, हे खरं यलदा. खाणं जागण्याच्या सोबतीला.

ताटात सुकामेवा, कलिंगड आणि डाळिंब. कलिंगड खाल्लं की हिवाळा बाधत नाही, अशी समजूत. डाळिंब पहाटेच्या तांबड्याचं प्रतीक. ते मधोमध कापू नकोस, दाणे चिरडून रस उडतो आणि त्याचा डाग जात नाही. वरचा मुकुट काढ, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषांवर फक्त सालीला चीर दे आणि हातानं उकल. वर मीठ आणि गोलपर नावाची सुगंधी पूड भुरभुरवतात.

मग हाफिज या फारसी कवीचा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह. मनात इच्छा धरून पान उघडायचं. गजल अर्धवट दिसली तर मागं जाऊन पहिल्या ओळीपासून वाचायची. कोकणात देवाला कौल लावतात ना, तसंच काहीसं, फक्त देवाऐवजी शिराजचा कवी.

आता संक्रांत. यलदा सूर्य खरोखर वळतो त्या रात्रीला धरून आहे; संक्रांत आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणाऱ्या, पंचांगातल्या मकर राशीला. पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो, त्यामुळे दोन्हींमध्ये साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवसाचं अंतर पडत जातं. सतराशे वर्षांपूर्वी त्या जवळपास एकाच दिवशी येत. आज चोवीसेक दिवसांचा फरक आहे. 'उत्तरायण' हे नाव तेवढं जुन्या जागी राहिलं.

तिळगूळ जरूर ने, पण लाडू नव्हे, वड्या, वाटायला सोप्या. वाटीभर भाजलेले तीळ, पाऊण वाटी चिकीचा गूळ, पाव वाटी दाण्याचा कूट, चमचाभर तूप. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की गोळी व्हायला हवी. आधीच उतरवलास तर वड्या चिकट राहतात, उशीर झाला तर दात दुखतात. ताटाला तूप आधीच लावून ठेव. आणि शेंगदाणे आहेत हे तिथे पोचल्याबरोबर सांग, एखाद्याला चालत नसतील.

तुझी आई