घराचं काम देताना ठेकेदाराकडून फसवणूक होऊ नये म्हणून काय करावं?

सगळ्यात आधी पैसे सांभाळा. सुरुवातीची थोडी आगाऊ रक्कम सोडली, तर झालेल्या कामापेक्षा जास्त रक्कम ठेकेदाराकडे कधीच जाऊ देऊ नका. ती आगाऊ रक्कमही कमीत कमी द्या आणि पुढचे हप्ते तारखेवर नाही, टप्प्यावर बांधा: पाया झाला, स्लॅब झाला, प्लास्टर संपलं. शेवटचे ५ ते १० टक्के काही महिने राखून ठेवायची अट करारातच घाला, कारण गळती आणि भेगा उशिरा दिसतात.

करारात ‘चांगल्या प्रतीचं साहित्य’ असं मोघम वाक्य अजिबात चालवून घेऊ नका. सिमेंटचा ग्रेड, सळईची जाडी, वायरचा ब्रँड, सगळं लिहून घ्या. मधेच काही बदल ठरला तर त्याचा दर आधी लेखी. बरीच भांडणं इथेच पेटतात.

भिंतीतले पाइप आणि वायरिंग बुजवण्याआधी फोटो काढा, पाइपांची दाब देऊन चाचणी करून घ्या.

ठेकेदार निवडताना त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी बांधलेलं घर बघा आणि तिथल्या मालकांशी एकट्याने बोला.

अर्धवट काम टाकून तो निघून गेलाच, तर दुसऱ्या ठेकेदाराला कामाला हात लावू देण्याआधी त्रयस्थ इंजिनिअरकडून मोजमाप आणि लेखी अहवाल घ्या. तक्रार करताना तोच पुरावा कामी येतो.