टीव्ही बंद केला तर कळणार कसं?

‘बातम्या लावल्या की छातीत धडधडतं आणि बंद केल्या की त्याहून जास्त धडधडतं. करू तरी काय?’ मी समुपदेशक; युद्धाची चाहूल लागली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. २०२२मध्ये युक्रेनला शिकायला गेलेल्या मुलांचे पालक तो घेऊन आले, जून २०२५मध्ये आखातात नोकरीला असलेल्यांच्या घरचे आले. पण सगळ्यांत जास्त वेळा तो कानावर पडला मे २०२५मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आणि नंतरचा महिनाभर. त्यातलीच ही एक हकिकत. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नलिनीताई, वय ६३, बँकेतून निवृत्त, राहणार बडोद्याचा दांडिया बाजार. मुलगी जामनगरला, जावई तिथल्या कारखान्यात. ७ मेच्या संध्याकाळी नागरी संरक्षणाचा सराव म्हणून बडोद्यात दिवे घालवले गेले, तेव्हापासून ताईंच्या घरचा टीव्ही रात्री दोन-अडीचपर्यंत चालू राहू लागला. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा गोळीबार थांबून आठवडा होऊन गेला होता. १० मेला संध्याकाळी ५ वाजल्यापासून शस्त्रसंधी ठरली होती; यांच्या दिवाणखान्यात मात्र लढाई चालूच. यजमानांनी वैतागून सेट-टॉप बॉक्सची वायरच काढून ठेवली, तर ताई शेजारच्या बेनकडे जाऊन बसल्या.

घरच्यांकडून हमखास होणारी चूक ती हीच. टीव्ही हिसकावून घेतला की धास्ती जात नाही, ती मोबाइलमध्ये शिरते आणि तिथे तिला सोबत करायलाही कोणी नसतं.

‘रात्री दोनला काय बघता?’

‘दहाला दाखवलं तेच.’

‘मग बघता कशाला?’

‘मधेच काही झालं तर?’

‘झालं, तर तुम्ही काय कराल?’

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘निदान जागी तरी असेन ना.’

माझ्या दृष्टीने सगळी केस या वाक्यात होती. ताई बातम्या पाहत नव्हत्या, पहारा देत होत्या. माझं काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या आधाराने चालतं. घटना आणि आपली घालमेल यांच्यामध्ये आपला एक समज उभा असतो, तो शोधल्याशिवाय मी उपाय सांगत नाही. ‘कमी बघा, फिरायला जा, नामस्मरण करा’ हे ताईंना डझनभर लोकांनी सांगून झालं होतं आणि त्यातलं काहीही टिकलं नव्हतं. कारण समज जागचा हललाच नव्हता: लेक संकटात असताना आईने झोपताच कामा नये, झोपली तर ती कसली आई.

‘तुमच्या जागण्याने जामनगरला काय फरक पडला?’ हा प्रश्न उघड आहे. पण पहिल्याच भेटीत विचारला तर समोरच्याला तो टोमणा वाटतो आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. त्याचं उत्तर लेकीकडूनच यावं अशी व्यवस्था मी केली. ‘त्या रात्री तू काय करत होतीस, एवढंच तिला विचारून या,’ असं सांगितलं.

लेकीचं उत्तर: ‘दिवे बंद होते, मेणबत्तीवर खिचडी केली आणि झोपलो. धडकी भरली ती तुझ्या फोनने. रात्री एकला आईचा फोन म्हणजे बाबांना काही झालं असंच वाटतं.’ पुढे तिने फोन उचलणं बंद केलं होतं, आणि उचलत नाही म्हणून ताई आणखी घाबरत होत्या.

धोका खोटा होता असं मी ताईंना कधीच म्हटलं नाही, कारण तो खोटा नव्हता. बारामुल्लापासून भुजपर्यंत २६ ठिकाणी ड्रोन दिसल्याचं सरकारनेच सांगितलं होतं, जामनगरचा विमानतळ बंद होता. माणसाला खोटा धीर दिला की पुढच्या खऱ्या बातमीला तो आपल्यावरचा विश्वासच काढून घेतो. पण प्रत्यक्ष तिथे असलेल्यापेक्षा दूर बसून बघणारा जास्त हादरतो, हे काही फक्त ताईंच्या घरात घडलं नाही. २०१३च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर झालेला अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. तिथल्या माणसाला स्फोट एकदा दिसतो. पडद्यावर तो चाळीस वेळा होतो.

नंतरच्या भेटीत मी त्यांना वहीत तीन रकाने आखायला सांगितले: काय सांगितलं, कोणी सांगितलं, दुसऱ्या दिवशी टिकलं का. ८ मेच्या रात्रीपासून आठवेल तेवढं मागचं लिहायचं आणि रोजचं नवं भरायचं. पहिलीच नोंद होती ‘कराची बंदर उद्ध्वस्त’. सांगणारा: ‘सूत्र’. टिकलं का: नाही. मग ड्रोन पाडल्याची चित्रफीत, जी व्हिडिओ गेममधली निघाली. पान भरत गेलं आणि तिसऱ्या रकान्यात फुल्याच फुल्या.

पान बघता बघता ताई एकदम सरळ बसल्या. ‘मॅडम, बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. ती कोणाच्या नावे टाकायची नाही, तिच्यावर व्याज द्यायचं नाही. मी तर मेळ लागण्याआधीच सगळं लेकीच्या नावे टाकत होते!’

असं वाक्य मला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी माझ्या तोंडून त्याचा उपयोग झाला नसता. माणसाला सुटकेची वाट त्याच्याच धंद्याच्या भाषेत सापडते, फक्त तोपर्यंत समुपदेशकाने तोंड मिटून बसावं लागतं. त्या दिवसापासून ‘सूत्रांच्या हवाल्याने’ ऐकलं की ताई म्हणायच्या, ‘सस्पेन्स’.

आणखी एक गोष्ट त्यांनीच टिपली. ७ मेच्या पहिल्या अधिकृत निवेदनात परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्यासोबत आपल्या बडोद्याच्या कर्नल सोफिया कुरेशी होत्या. ते निवेदन मी ताईंना पुन्हा ऐकायला लावलं आणि लगेच रात्रीच्या वादचर्चेची पाच मिनिटं. ‘जिला खरं माहीत आहे ती किती हळू बोलते,’ ताई म्हणाल्या.

यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. केबल टीव्ही नियमांतील ६(१)(पी)नुसार दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करता येत नाही. नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं. २६ एप्रिल २०२५ला सरकारने वाहिन्यांना याची आठवणही करून दिली होती. म्हणजे नवी माहिती दिवसातून थोडीशी येणार आणि पडदा मात्र चोवीस तास भरायचा. मग तो कशाने भरणार? अंदाजाने, जुन्या चित्रफितींनी, आठ चौकटींतल्या भांडणाने आणि भोंग्याने. तो भोंगा नागरी संरक्षणाचा होता, आणि तो कार्यक्रमांत वाजवू नका असंही १० मेला सांगावं लागलं. खरा वाजेल तेव्हा लोक कान देणार नाहीत, ही भीती रास्तच होती. घरी एक प्रयोग करून बघा: पाच मिनिटं आवाज बंद ठेवून वाहिनी पाहा. धडधड कमी झाली, तर ती सगळी बातमीची नव्हतीच.

ताईंसोबत जे ठरलं ते बहुतेकांना चालतं. बातम्या दिवसातून दोनदा, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, प्रत्येकी वीस मिनिटं; शक्यतो वर्तमानपत्र किंवा आकाशवाणीचं बातमीपत्र, कारण ते संपतं. वाहिनी कधीच संपत नाही. नऊनंतर काही नाही. मोबाइलवरच्या बातम्यांच्या सूचना बंद, नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट. लेकीशी करार असा: रात्री साडेनऊला तिचा एक मेसेज, ‘ठीक’. त्यानंतर फोन करायचा तर तिने, आईने नाही. मेसेज दहापर्यंत आला नाही तर एकच फोन जावयाला.

हात रिमोटकडे गेलाच तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि त्या वेळी मनात जे वाक्य असेल ते वहीत जसंच्या तसं लिहायचं. तिसऱ्या-चौथ्या रात्री ओढ उलट वाढते. इथेच बरेच जण ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून सोडून देतात. ही वाढ अपेक्षित असते हे आधी सांगून ठेवलं तर ती रात्र निभते. ताईंनी त्या रात्री दीड वाजता वहीत लिहिलं होतं: ‘मी झोपले तर काहीतरी होईल.’ सकाळी तेच वाचून त्यांना हसू आलं. मग आम्ही ते वाक्य बदललं: ‘ती सुखरूप असावी असं मला मनापासून वाटतं, माझ्या जागण्याने ती सुखरूप होत नाही.’ दुसरं वाक्य गोड नाही, पण खरं आहे, म्हणून टिकतं.

पहारा काढून घेतला की हातांना काम द्यावं लागतं. टॉर्च आणि सेल, दोन दिवसांचं प्यायचं पाणी, रक्तदाबाच्या गोळ्या, कागदपत्रांच्या प्रती, खिडक्यांना जाड पडदे: ताईंनी एका दुपारी सगळं उरकलं आणि लेकीलाही यादी धाडली. आईपण इथे कामी आलं.

दोन आठवडे झोप चार तासांच्या पुढे जात नसेल, छातीत दुखत असेल किंवा जेवण तुटलं असेल, तर वही पुरेशी नाही. आधी डॉक्टर. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे.

राहिले यजमान. त्यांना रात्री नऊची वादचर्चा हवीच होती आणि त्यांची झोप काही बिघडत नव्हती. त्यांची सवय मोडणं हे ताईंचं काम नाही आणि माझंही नाही. टीव्ही आतल्या खोलीत गेला, त्यांना हेडफोन आणून दिले. वायर त्यांनीच पुन्हा जोडली.