प्रश्न वाचकांचे : ‘नोस्फेरातू’ भर दुपारी कसा हिंडतो?

प्रश्न : ‘नोस्फेरातू’ हा 1922 सालचा जर्मन मूकपट पाहिला. काउंट ओरलॉक हे पिशाच्च शेवटी उन्हानं मरतं. मग त्याआधी तोच शवपेटी काखेत मारून लख्ख उन्हात गावातून चालतो कसा? (सातारा)

उत्तर : चूक दिग्दर्शक मुर्नाऊची नाही, तुम्हाला मिळालेल्या प्रतीची आहे. हा सिनेमा काळा-पांढरा म्हणून ओळखला जातो खरा, पण तेव्हा पडद्यावर आला तो रंगात बुडवून. त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा, रात्री उघड्यावर चित्रण करणं फार अवघड. म्हणून दृश्य दिवसा घ्यायचं आणि प्रिंटचा तेवढा तुकडा निळसर रंगाच्या द्रावणात बुडवायचा. निळं दिसलं की प्रेक्षक रात्र समजायचे. दिव्याच्या उजेडातली खोली पिवळी, पहाट गुलाबी. रंगवलेले तुकडे नंतर क्रमानं जोडायचे. पुढे नकला काढणाऱ्यांनी त्या साध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढल्या, निळा रंग गळाला आणि रात्रीची दुपार झाली! मुर्नाऊ प्रतिष्ठाननं 2006च्या सुमारास केलेल्या जीर्णोद्धारात हे रंग परत आले आहेत. त्याला आधार होता फ्रान्समध्ये जपलेल्या एका जुन्या रंगीत प्रिंटचा. तीच प्रत शोधा.

गंमत म्हणजे उन्हानं पिशाच्च मरतं ही कल्पना रूढ झाली ती याच सिनेमामुळे. हा सिनेमा ज्यावर बेतलेला आहे, त्या ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. फक्त तेव्हा त्याची शक्ती कमी असते.

प्रश्न : एक प्रत 63 मिनिटांची, दुसरी 94. खरी कोणती? (नाशिक)

उत्तर : हिशेब मांडून पाहा. मूळ लांबी 1967 मीटर. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न चौकटी (फ्रेम), म्हणजे सगळ्या मिळून एक लाख तीन हजारांच्या आसपास. सेकंदाला 18 चौकटी धरल्या तर सुमारे 95 मिनिटं होतात, 24 धरल्या तर 72. त्याहून खाली गेलेल्या प्रतीत वेग वाढलाच आहे, शिवाय कात्रीही लागली आहे. मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर ओरलॉकऐवजी ‘ड्रॅक्युला’ आणि गावाचं नाव विसबोर्गऐवजी ‘ब्रेमेन’ दिसलं, तर ती अमेरिकेत फिरलेल्या प्रिंटवरून उतरलेली समजा.

माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर प्लेअरचा वेग 0.75 करा, आवाज बंद ठेवा. मात्र वेगाची परीक्षा नायक हुटरच्या घरातल्या दृश्यांवर घ्या. जंगलातली घोडागाडी आणि अंगणात शवपेट्या रचणारा ओरलॉक मुद्दामच सेकंदाला कमी चौकटींत चित्रित केलेले आहेत, ते योग्य वेगातही झपाझप हलणारच.

प्रश्न : न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या, मग सिनेमा उरला कसा? (पणजी)

उत्तर : ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर सिनेमा काढण्याची परवानगी घेतलेली नव्हती. स्टोकरच्या पत्नीनं दावा लावला आणि 1925 साली तसा आदेश निघाला. पण तोवर प्रिंट परदेशात पोचल्या होत्या. निर्माती प्राना कंपनी तर आधीच दिवाळखोर.

प्रश्न : जिना चढणारी ओरलॉकची ती लांब बोटांची सावली एकांकिकेत घ्यायची आहे. आमची सावली पुसट येते, बोटं तर दिसतच नाहीत. (इचलकरंजी)

उत्तर : बहुतेक वेळा दोष दिव्याच्या आकाराचा असतो. एलईडी पॅनेलमध्ये शेकडो ठिपके, प्रत्येकाची सावली थोडी सरकलेली, म्हणून सगळं मिळून धूसर. उघडा, बारीक एकच स्रोत घ्या. दिव्यापुढचा पांढरा पडदा किंवा जेल (रंगीत पारदर्शक कागद) काढून टाका.

आता अंतर. दिवा भिंतीपासून 4 मीटर आणि नट दिव्यापासून 1 मीटर असेल, तर सावली चौपट होते. पण दिव्याचं तोंड 2 सेंटिमीटर रुंद असेल तर कडा 6 सेंटिमीटर पसरते. बोटाची सावलीच जेमतेम 8 सेंटिमीटर, म्हणजे बोटं एकमेकांत मिसळणार. नट मधोमध, 2 मीटरवर उभा केला तर सावली दुप्पटच राहते, पण कडा 2 सेंटिमीटरवर येते. चौपटच हवी असेल तर 5 मिलिमीटरचा स्रोत शोधा. अंधाऱ्या तालमीच्या खोलीत मोबाइलचा टॉर्च चालतो, दोन दिवे असतील तर एकावर काळी पट्टी लावा.

दिवा जमिनीलगत ठेवला की सावली भिंतीवर उंच चढते. नटानं भिंतीकडे तोंड करू नये, कुशीनं चालावं, पाठीला पोक काढून. पंजा भिंतीला समांतर, बोटं फाकलेली. बोटं भिंतीच्या दिशेनं रोखली की नुसता गोळा दिसतो. नखांसाठी जाड कार्डाच्या पट्ट्या बोटांना चिकटवा, पातळ कागद वाकतो आणि सावलीत लगेच कळतं. फरशी फिकट असेल तर तीवर काळं कापड अंथरा, नाहीतर परावर्तित उजेड सावलीचा काळेपणा खाऊन टाकतो.