एसक्यूएल इंजेक्शन जुनं झालं, मग ते शिकायचं कशाला?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या एका कंपनीच्या आयटी विभागात इंटर्नशिप करते. तिथले सगळे लॅपटॉप एका डिव्हाइस मॅनेजमेंट सर्व्हरवरून सांभाळले जातात. अशा सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातून डेटाबेसला दिलेल्या आदेशात ढवळाढवळ करता येण्याची त्रुटी, सापडल्याचं वाचलं आणि सिक्युरिटीत जावंसं वाटू लागलं. मित्र म्हणतात, ही त्रुटी जुनाट आहे, टूल ती पकडतात, तू क्लाउड शिक. आमच्या सर्व्हरची आवृत्तीही जुनी असावी. हल्ल्याचा कोड नेटवर मिळतो. तो चालवून साहेबांना दाखवला तर नोकरी पक्की होईल का?

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न, कारण तो निकडीचा आहे. तो कोड चालवू नकोस. लेखी परवानगी नसताना दुसऱ्याच्या यंत्रणेत घुसून बघणं बहुतेक देशांत गुन्हा ठरतो आणि तुझा हेतू चांगला होता, हे नंतर कुणी ऐकून घेत नाही. शिवाय त्याची गरजही नाही. सर्व्हरचा आवृत्ती क्रमांक बघ, निर्मात्याने जाहीर केलेल्या यादीशी ताडून पाहा आणि वरिष्ठांना चार ओळींचा ईमेल कर : आपली आवृत्ती कोणती, त्रुटी कोणती, दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आहे आणि सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरून दिसतो का. प्रात्यक्षिकापेक्षा या ईमेलने तुझी किंमत जास्त कळेल.

आता मित्रांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. या हल्ल्याचं जाहीर वर्णन १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या मासिकात आलं होतं. पॅरामीटराइज्ड क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला आदेश (क्वेरी) आणि बाहेरून आलेला मजकूर वेगळे ठेवणं, हा त्यावरचा उपायही जुनाच. तरीही मार्च २०२४ मध्ये फोर्टिनेट या सुरक्षा कंपनीला आपल्या फोर्टिक्लायंट ईएमएस या डिव्हाइस मॅनेजमेंट सर्व्हरमधली सीव्हीई-२०२३-४८७८८ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींना दिलेला क्रमांक) ही त्रुटी जाहीर करावी लागली. ७.२.० ते ७.२.२ आणि ७.०.१ ते ७.०.१० या आवृत्त्या त्यात सापडल्या. अमेरिकेच्या सीआयएसए या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २५ मार्चला ती ‘प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलेल्या’ त्रुटींच्या यादीत टाकली. त्याच दिवशी सीआयएसए आणि एफबीआयने मिळून सॉफ्टवेअर कंपन्यांना जाहीर आवाहन केलं, की एसक्यूएल इंजेक्शनचा हा वर्गच आता मुळापासून संपवा. जुनाट प्रकरणासाठी एवढा खटाटोप कोण करतं?

तुला खरं कुतूहल कशाचं असायला हवं, तर अनुभवी प्रोग्रामरच्या हातून ही चूक अजून का होते याचं. फोर्टिक्लायंटमध्ये प्रत्येक लॅपटॉपवरचा एजंट, म्हणजे तिथे बसवलेला छोटा प्रोग्राम, सर्व्हरच्या ८०१३ पोर्टवर (जोडणीच्या दारावर) येऊन आपली ओळख कळवतो. त्या संदेशातला डिव्हाइसचा ओळख क्रमांक नीट न तपासता क्वेरीत जोडला जात होता. हा क्रमांक आपलाच एजंट पाठवणार, असं गृहीत धरलेलं! त्या पोर्टवर कोणीही बोलू शकतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या आवृत्त्यांमागे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस होता. त्यातली एक्सपी-सीएमडीशेल ही सोय सुरू करता आली, की डेटाबेसमधून विंडोजचे आदेश चालत, तेही लॉगिन न करता. इव्हान्टी या कंपनीच्या एंडपॉइंट मॅनेजर या तशाच सॉफ्टवेअरमधली सीव्हीई-२०२४-२९८२४ बघ. तिथे प्रोग्रामचा एमडी५ हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा, स्ट्रिंग-फॉरमॅट वापरून (मजकूर जोडून) सरळ क्वेरीत घातला होता. हॅशमधून हल्ला येईल, असं कोणाच्या मनात येणार? मे २०२४ मध्ये दुरुस्ती आली, तरी ऑक्टोबरमध्ये ही त्रुटीसुद्धा सीआयएसएच्या त्याच यादीत गेली.

वेबसाइटवरच्या शोधाच्या चौकटीत अवतरणचिन्ह टाकून बघायला सगळे शिकतात. या सॉफ्टवेअरमध्ये मात्र इनपुट यंत्रांकडून येतं : लॅपटॉपचं नाव, सीरियल क्रमांक, बसवलेल्या प्रोग्रामांची यादी. एखाद्या डिव्हाइसचं नाव आज डेटाबेसमध्ये निमूट साठवलं जातं आणि महिन्याने कोणी अहवाल काढला, की ते दुसऱ्या क्वेरीत जाऊन फुटतं. अहवाल कोणत्या रकान्याच्या क्रमाने लावायचा, हे वापरणारा निवडतो, पण रकान्याचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही, ते ठरावीक यादीशीच पडताळावं लागतं. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला तयार कोड) वापरलं म्हणजे आपण सुरक्षित, हाही एक लाडका गैरसमज. आत मजकूर जोडूनच क्वेरी चालवली असेल, तर फरक शून्य. टूल यातलं बरंच पकडतात, पण कोणता डेटा कुठून कुठे जातो हे माणसालाच वाचावं लागतं. आणि हा सर्व्हर एकदा हातून गेला, की त्याच्या अखत्यारीतल्या प्रत्येक लॅपटॉपवर हवं ते सॉफ्टवेअर बसवण्याची वाट मोकळी होते.

म्हणून माझा सल्ला सिक्युरिटीचाच आहे, पण ‘एथिकल हॅकर’च्या जाहिरातींमागे धावू नकोस. आधी एसक्यूएल आणि एक भाषा पक्की कर. इव्हान्टीचं हे उत्पादन मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधलं आहे, त्यामुळे सी-शार्प शिकलीस तर अशा उत्पादनांचा कोड वाचता येईल. मग स्वतःच्या व्हर्च्युअल मशिनवर एजंट आणि सर्व्हर असा छोटा प्रकल्प लिही, त्यात मुद्दाम त्रुटी ठेव, ती फोड आणि दुरुस्त कर. पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीतले सराव मोफत आहेत. पुढची पायरी म्हणजे पॅच (त्रुटी दुरुस्त करणारा बदल) वाचणं. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची डीएलएल (प्रोग्रामची तयार फाइल) आयएलस्पाय या कोड उलगडून दाखवणाऱ्या टूलमध्ये उघडायची आणि काय बदललं ते शोधायचं. हे काम कंटाळवाणं आहे, फार थोडे करतात, आणि म्हणूनच ते येणाऱ्याला मुलाखतीत विचारलं जातं.

प्रमाणपत्रांची घाई नको. ओएससीपी या हॅकिंगच्या प्रमाणपत्राचं नाव सगळे घेतात. तुझ्या आवडीला ओएसडब्ल्यूई जास्त जवळचं, कारण त्यात कोड वाचून त्रुटी शोधायच्या असतात. पण ते दोन-तीन वर्षं काम केल्यावर. निव्वळ त्रुटी शोधण्याच्या नोकऱ्या मोजक्याच असतात. उत्पादन बनवणाऱ्या कंपनीत कोडची सुरक्षा तपासणारे आणि आयटी विभागात पॅच वेळेवर लावून घेणारे मात्र सतत लागतात. तुझी इंटर्नशिप या दुसऱ्या कामाच्या दारातच आहे, ती अर्धवट सोडू नकोस. अर्ज करताना बायोडेटासोबत स्वतः वाचलेल्या एका पॅचचं दोन पानी विश्लेषण जोड : चूक कुठे होती, ती का झाली आणि दुरुस्ती पुरेशी आहे का.