तह, संधी आणि सेना नेणारा

प्रश्न आलाय तो असा: ‘१४३५ रोजी फ्रान्सचा राजा आणि त्याचा सरदार बर्गंडीचा ड्यूक यांच्यात आरास येथे संधी झाली’, या वाक्यात ‘संधी’ चालेल का?

नाही चालणार. हिंदीत चालते, म्हणून हल्ली आपल्या बातम्यांतही दोन देश ‘संधी’ करू लागलेत. मराठीत ती संधी साधायची नाहीतर दवडायची असते, तो संधी व्याकरणात असतो, आणि युद्ध मिटतं ते तहाने. कौटिल्याचं ‘पणबन्धः सन्धिः’ (अटी घालून केलेला करार म्हणजे संधी) तोंडावर फेकू नका. ते संस्कृत आहे. पुरंदरची काय संधी झाली होती? (आरास हे गावाचं नाव, गणपतीपुढच्या आरासीशी त्याचा संबंध नाही. पण ते गाव भिंतीवर टांगायच्या, चित्रं विणलेल्या पडद्यांसाठी नावाजलेलं होतं, हा योगायोग मला भारी आवडतो.)

खरी गंमत ‘ड्यूक’मध्ये आहे. कोश ‘उमराव’ देऊन मोकळे होतात. उमराव मुळात अरबी ‘अमीर’चं अनेकवचन, एका ड्यूकचे झाले अनेक! ड्यूक आला लॅटिन ‘दुक्स’वरून, म्हणजे नेणारा, म्होरक्या. जर्मन लोक त्याला ‘हेर्त्सोग’ म्हणतात. त्यातला ‘हेर’ म्हणजे सैन्य, आणि ‘त्सोग’ दुक्सच्याच मूळ धातूतला. आता आपला ‘सेनानी’ फोडून बघा: सेना अधिक ‘नी’, नेणे. हुबेहूब तीच घडण! हेर्त्सोग हा ग्रीक ‘स्त्रातेगोस’चा, म्हणजे सेनापतीचा, तर्जुमा, असं सांगणारे पंडित आहेत. लढाईवर जगणाऱ्या जर्मन टोळ्यांना सैन्य नेणाऱ्यासाठी शब्द ग्रीकांकडून उसना आणावा लागला म्हणे! सेनानी घडवताना संस्कृताने कुणाला विचारलं होतं?

म्हणून ड्यूकला ‘सरदार’ म्हणू नये, असं माझं ठाम मत. त्यातून हा तर बर्गंडीचा फिलिप. १४१९ मध्ये माँतेरोच्या पुलावर त्याच्या बापाला बोलणी करायला बोलावून फ्रान्सचा युवराज चार्ल्स याच्या माणसांनी मारलं. फिलिप फ्रान्सशी लढणाऱ्या इंग्रजांना जाऊन मिळाला. आरासच्या तहात त्याच चार्ल्सला, आता राजा असताना, त्या खुनाचा निषेध करावा लागला. सोम नदीकाठची शहरं द्यावी लागली, ती परत हवी तर चार लाख सोन्याची नाणी मोजा या अटीवर. आणि आपल्यापुढे मांडलिकीची शपथ घेण्यातून फिलिपला सूट द्यावी लागली. राजाला असं वाकवणारा सरदार कसला?

आणि ते ‘१४३५ रोजी’ आधी खोडा. सालाला ‘साली’ लागतं. रोजी लिहायची एवढी हौस असेल तर तारीख द्या: २१ सप्टेंबर १४३५ रोजी.