हललं कोण, हात की माणूस?

गावच्या सप्ताहात कीर्तनाचे सव्वाशे फोटो काढले. घरी कॉम्प्युटरवर पाहिले तर जेमतेम दहा धड निघाले. बुवांचे हात म्हणजे नुसता धूर! माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आहे. कॅमेराच बदलू का? (सातारा जिल्ह्यातून एक वाचक)

कॅमेरा राहू द्या. वाया गेलेल्यांपैकी चार-पाच फोटो उघडा, मोठे करा आणि बुवांना सोडून मागे बघा. मंडपाचे खांब, पताका, ट्यूबलाइट असं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर तुमचा हात हलला. खांब स्वच्छ आणि फक्त बुवांचे हात फिसकटलेले असतील, तर बुवा हलले. बुवा धूसर आणि मागच्या टाळकऱ्याचा चेहरा मात्र लख्ख, असं असेल तर फोकस चुकला. या तिन्हींना आपण सरसकट ‘ब्लर’ म्हणून मोकळे होतो आणि मग पोट दुखत असताना डोकेदुखीची गोळी घेत बसतो.

तुमचा आजार बहुतेक दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे बुवा हलल्याचा आहे. त्यावर स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही. लेन्समधलं ते यंत्र तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, बुवांचा आवेश नाही. इथे शटर स्पीडच वाढवायला हवा, म्हणजे शटर कमी वेळ उघडं राहायला हवं. उभं राहून निरूपण चाललं असेल तर १/१२५ सेकंद, गजर रंगात येऊन टाळकरी उड्या मारू लागले की १/२५० किंवा त्याहून जास्त. कॅमेरा ‘एस’ (कॅननवर ‘टीव्ही’) मोडवर ठेवून शटरचा आकडा तुम्हीच ठरवा आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. पूर्ण ऑटोवर कॅमेऱ्याला काय ठाऊक की समोर कीर्तन आहे? तो १/३० लावून मोकळा होतो.

आता उजेडाचं. शटर जितकं कमी वेळ उघडं, तितका उजेड कमी आत येतो. तुम्ही मागे बसून ५५वर झूम केलं असणार. किट लेन्सचं तोंड तिथे एफ ५.६पर्यंत बारीक होतं (एफचा आकडा मोठा, तितकं तोंड लहान). तीच लेन्स १८वर एफ ३.५ देते, म्हणजे अडीचपट उजेड. फुकटात! तेव्हा झूम करण्याऐवजी पुढे जाऊन बसा. खर्च करायचाच असेल तर ५० मिलिमीटर, एफ १.८ची लेन्स घ्या. एफ ५.६च्या तुलनेत ती साधारण साडेनऊपट उजेड आत घेते, म्हणजे १/१५ची जागा जवळजवळ १/१५० घेतो. मात्र दीड मीटरवरून एफ १.८ला जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाकावर फोकस बसला तर कान गेले, म्हणून फोकस डोळ्यावरच धरा. आणि निकॉनचा डी३००० किंवा डी५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलंय ना, ते बघून घ्या. जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सचा ऑटोफोकस त्या कॅमेऱ्यांवर चालत नाही, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

अजून एक. बुवा सतत हलत नाहीत. अभंगाचं चरण संपवून, हात वर ठेवून ते श्रोत्यांकडे बघतात. विनोद केला की हशा ओसरेपर्यंत थांबतात. कीर्तन नेहमी ऐकणाऱ्याला ही जागा आधीच कळते. तिथे बोट दाबा, १/६०लाही फोटो मिळून जाईल.

अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही. पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीचा हातात कॅमेरा धरून फोटो काढलेला चांगला येईल का? (छत्रपती संभाजीनगरहून एक शिक्षिका)

येईल, कारण पद्मपाणी हलत नाही. वरच्या उत्तरातलं बरंचसं इथे उलटं करायचं. शटर स्पीड वाढवू नका, उतरू द्या, आणि आपण स्थिर राहा.

हातात धरून शटर किती उतरवता येईल, या हिशेबाला जुना नियम पुरतो: लेन्सच्या मिलिमीटरइतका भागाकार. ५० मिलिमीटरला १/५०. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात एपीएस-सी, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर असतो, तिथे दीडपट धरायचं (कॅननला १.६ पट), म्हणजे ५०ला १/७५ किंवा १/८०. १८ मिलिमीटरला हाच हिशेब १/३०च्या आसपास येतो. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर तीन स्टॉप सहज खाली उतरता येतं: १/१५, १/८, १/४. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. तेव्हा बटण चालू आहे ना, ते लेणीत शिरण्याआधी तपासा. माझं एकदा अख्खी सकाळ बंद होतं.

भिंतीला किंवा खांबाला टेकायचं नाही. परवानगीचा प्रश्नच नाही, तिथे रंग आहेत. गर्दी नसेल तर जमिनीवर बसा, गुडघे उभे घ्या आणि कोपरं त्यांवर रोवा. उभंच राहायचं असेल तर कोपरं बरगड्यांना चिकटवा, डावा तळहात लेन्सखाली धरा आणि कॅमेऱ्याचा पट्टा मानेत घालून तो ताणला जाईपर्यंत कॅमेरा पुढे धरा. अर्धा श्वास सोडा, थांबा, बटण हळू दाबा. एकच फोटो न काढता कंटिन्युअसवर चार काढा. बोटाचा धक्का बहुधा पहिल्याला बसतो. दुसरा-तिसरा चांगला निघतो.

आयएसओ ८००च्या वर गेलं की फोटो बिघडतो असं क्लासमध्ये शिकवलं होतं. (पुणे)

क्लास जुना असावा. आयएसओ वाढला की दाणा दिसतो, हे खरं. पण तो मुख्यतः उजेड कमी पडल्याचा दाणा असतो. ८००वर अडून काळा फोटो काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर उजळायचा, तर तोच दाणा तिथेही वर येतो. ३२०० लावा, ६४०० लावा. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटवर तो जाणवतही नाही आणि हल्लीची सॉफ्टवेअर तो बऱ्यापैकी पुसतात. हललेला चेहरा मात्र जागेवर बसत नाही. दाणेदार पण स्पष्ट फोटो मी आनंदाने अल्बममध्ये लावतो.

मुलाचा पहिला वाढदिवस. दिवे घालवून मेणबत्ती पेटवली आणि फोनच्या नाइट मोडवर फोटो काढले. केक सुंदर आला, मुलाला दोन नाकं! (ठाण्याहून एक आई)

नाइट मोड एक फोटो काढत नाही. एक-दोन सेकंदांत अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो आणि त्यांचा एक करतो. केक गप्प बसतो, वर्षाचं मूल कसं बसेल? माणसं असली की तो मोड बंद करा. झूमलाही हात लावू नका. फोनमध्ये सगळ्यात जास्त उजेड सहसा १एक्सचा मुख्य कॅमेराच घेतो. कमी उजेडात २एक्स-३एक्स म्हणजे बरेचदा त्याच कॅमेऱ्याचं कापून मोठं केलेलं चित्र असतं.

आणि दिवे सगळे कशाला घालवायचे? बाळाच्या बाजूला एक दिवा राहू द्या, मेणबत्ती तरीही दिसते. लेन्स मऊ कापडाने पुसा; वाढदिवसाच्या घरात तिला क्रीमचं बोट लागलेलंच असतं, आणि त्या धुरकटपणाला आपण हात हलल्याचं पाप लावतो.

हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. (नाशिक)

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातील. ‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर आधी ते बंद करा.

वय ७१. हाताला कंप आहे. नातीच्या अरंगेत्रमचे (भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाचे) फोटो मला स्वतःला काढायचे आहेत. ट्रायपॉड घेऊन पहिल्या रांगेत बसू देत नाहीत. (कोल्हापूरहून एक आजोबा)

हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची, एका इंचाला वीस आटे असलेला आखूड बोल्ट आणा. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी जे भोक असतं, त्यात तो बसतो. आतलं सॉकेट उथळ असतं, म्हणून वायसर घाला आणि हातानेच फिरवा, पाना नको. बोल्टला न ताणणारी पक्की दोरी बांधा, दुसरं टोक बुटाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करा. वरखाली होणारा कंप बराच आवरतो.

कॅमेरा लांब धरून मागच्या पडद्यावर बघू नका. डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला (व्ह्यूफाइंडरला) लावा, कॅमेरा भुवईला टेकू द्या. शटर १/२५०च्या खाली नेऊ नका. तेवढ्यात तुमचा कंपही आवरेल आणि नातीच्या मुद्राही. शेवटच्या वेगवान नाचातल्या, म्हणजे तिल्लान्यातल्या झेपा मात्र सोडून द्या. सम आली की ती क्षणभर थांबेल, तेव्हा बोट दाबून धरा आणि सात-आठ फोटो निघू द्या. रंगीत तालीम असते, तिलाही जाऊन बसा. तिथे उजेड तोच असतो आणि रांग कुणी विचारत नाही.